आय७-४७७० की आय५-११३५जी७: स्कोअर जास्त असूनही लॅपटॉप मागे का पडतो

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा आय७-४७७० प्रोसेसर, नव्या लॅपटॉपमध्ये इंटेलचाच आय५-११३५जी७, तुलनेच्या सगळ्या साइटवर नवा पुढे, आणि तरी मोठा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की लॅपटॉपच उशिरा संपवतो. अगदी हीच जोडी माझ्याकडे होती आणि त्रासही हाच. तुम्ही विचारलंय की साइटवरचे आकडे खोटे आहेत का आणि लॅपटॉप परत करावा का. आकडे खोटे नाहीत. परत करायचं ठरवण्याआधी एक तपासणी मात्र करा, आणि ती परतीची मुदत संपायच्या आत करा. हे का म्हणतोय ते पुढे येईलच.

कोअर (चिपमधले काम करणारे भाग), थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), कॅश (चिपमधली छोटी, वेगवान मेमरी) वगैरे तुम्हाला माहीत असणारच. दोन्हीकडे ४ कोअर, ८ थ्रेड, ८ एमबी कॅश, त्यामुळे त्यात शिरत नाही. खरा फरक वॅटचा आहे. ४७७० ही २०१३ ची चिप, ८४ वॅटची. वर मोठा हीटसिंक आणि मोठा पंखा असला की दिवसभर काम लावा, ती आपल्या ३.४ गिगाहर्ट्झच्या खाली येत नाही. ११३५जी७ आली २०२० मध्ये, आणि इंटेलने तिला १२ ते २८ वॅट असा पट्टा दिलाय. त्या पट्ट्यात कुठे बसायचं हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. इंटेलच्याच तक्त्यात २८ वॅटला बेस स्पीड २.४ गिगाहर्ट्झ आणि १२ वॅटला ०.९ दिलाय. स्टिकर मात्र दोन्ही प्रकारच्या लॅपटॉपवर एकच! खोक्यावर छापलेला ४.२ गिगाहर्ट्झ हा आकडा वरच्या टोकाचा, तोही थोड्या वेळापुरता.

हे कसं चालतं ते माहीत असलं की अर्धा गोंधळ जातो. चिपला विजेच्या दोन मर्यादा असतात, पीएल१ आणि पीएल२. काम सुरू झालं की ती पीएल२ पर्यंत जाते आणि सुसाट चालते. साधारण अर्ध्या मिनिटात ती मुभा संपते आणि चिप पीएल१ वर येऊन बसते. ब्राउझर उघडणं, एक्सेलची फाइल, फोटो जरासा सुधारणं, ही कामं त्या अर्ध्या मिनिटातच उरकतात, म्हणून नवा लॅपटॉप तिथे चपळ वाटतो आणि खरोखर चपळ असतोही. एक्सपोर्ट, कोड कंपाइल, मोठी झिप फाइल ही कामं पीएल१ वर होतात. पीएल१ जर १५ वॅट ठेवला असेल तर चारही कोअर भरल्यावर स्पीड २ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. दर गिगाहर्ट्झमागे ही चिप हॅसवेलपेक्षा (म्हणजे ४७७० च्या पिढीपेक्षा) बरंच जास्त काम करते हे खरं, पण स्पीडच निम्म्याजवळ आला की ती आघाडी पुसली जाते.

आता सर्व्हिस सेंटरबद्दल. कंपनीचं नाव घेत नाही, पण मला सगळ्यात महाग पडलं ते हेच. मी लॅपटॉप घेऊन गेलो, सोबत एचडब्ल्यूइन्फोचा (चिपचा स्पीड, वॅट, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लॉग होता: सुरुवातीला स्पीड वर, मग धाडकन खाली, आणि पुढे सरळ रेष. काउंटरवरच्या माणसाने तो कागद पाहिलासुद्धा नाही. म्हणाला, बाहेरच्या सॉफ्टवेअरचं आम्ही धरत नाही. त्यांनी त्यांची स्वतःची टेस्ट लावली. ती इतक्या लवकर संपली की मशीन धड गरमही झालं नव्हतं. निकाल काय, तर प्रोसेसर पास. जो त्रास काम लांबलं की सुरू होतो, तो चटकन संपणाऱ्या टेस्टमध्ये दिसणार कसा? हे मी परोपरीने समजावलं. उत्तर एकच, रिपोर्टमध्ये दोष नाही.

मग मशीन ठेवून घेतलं. परत मिळालं तेव्हा विंडोज नव्याने टाकलेलं होतं आणि तक्रार तशीच. पुढच्या वेळी वरच्या साहेबांनी सांगितलं की जाहिरातीत ४.२ च्या आधी 'पर्यंत' लिहिलंय, म्हणजे त्याच्या खाली काहीही चालतं. या सगळ्या खेपांमध्ये दुकानाची परतीची मुदत संपून गेली. एकानेही विचारलं नाही की कंपनीच्या त्या कंट्रोल सेंटर ॲपमध्ये कोणता मोड लावलाय. तिथे 'शांत' मोड होता, आणि तो पंख्याबरोबर पीएल१ सुद्धा खाली ओढत होता. मशीन कारखान्यातूनच तसं आलं होतं. ही माहिती त्यांच्याच ॲपची, त्यांच्याच माणसांना असायला हवी होती. मला ती दुसऱ्या एका सदस्याच्या जुन्या पोस्टमध्ये मिळाली. मोड बदलल्यावर लॅपटॉप एक्सपोर्टमध्ये जुन्या डेस्कटॉपच्या पुढे गेला. फार नाही, थोडासाच, पण गेला.

म्हणून आधी तो मोड बघा. विंडोजचा पॉवर मोड वेगळा आणि कंपनीच्या ॲपमधला वेगळा, दोन्ही बघा. मग लॅपटॉप त्याच्या मूळ चार्जरवर लावून सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) ची दहा मिनिटांची मल्टी-कोअर टेस्ट चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेवा. पहिल्या मिनिटातले आकडे सोडून द्या. शेवटच्या काही मिनिटांत सीपीयू पॅकेज पॉवर किती वॅट आणि स्पीड किती, तोच तुमचा खरा प्रोसेसर. साइटवरचा स्कोअर म्हणजे वेगवेगळ्या लॅपटॉपवरच्या त्याच चिपची सरासरी. त्यात २८ वॅटवाले असतात आणि १५ वॅटवालेही.

रॅमही बघा. लॅपटॉपमध्ये डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक असेल तर मेमरीचा वेग सेकंदाला २५.६ जीबी. तुमच्या जुन्या ४७७० मध्ये डीडीआर३-१६०० च्या दोन स्टिक असतील तर तिथेही बरोबर २५.६! म्हणजे सात वर्षांनी नवी चिप, आणि मेमरी तिथल्या तिथे. शिवाय ११३५जी७ मधलं आयरिस एक्सई ग्राफिक्सही याच मेमरीवर जगतं. दुसरा स्लॉट मोकळा असेल तर एक स्टिक टाका, माझ्या मते यापेक्षा चांगला खर्च नाही. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर मात्र घेण्यापूर्वीच बघायला हवं.

तुमच्या एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग (व्हिडिओ बनवायचं काम कोअरऐवजी चिपमधल्या खास भागाकडे देणं) सुरू आहे का तेही तपासा. क्विक सिंक, म्हणजे इंटेलचा तो खास भाग, दोन्ही चिपमध्ये आहे, पण ११३५जी७ मधलं कितीतरी पुढचं, त्याला दहा-बिट एचईव्हीसी हा नवा व्हिडिओ फॉरमॅटही जमतो. ते सुरू केलं की सगळं चित्रच पालटतं. काही जण म्हणतात सॉफ्टवेअर एन्कोडिंगला त्याच फाइल साइजमध्ये दर्जा जरा चांगला मिळतो, आणि ते मलाही पटतं, त्यामुळे निर्णय तुमचा.

जाता जाता नावांबद्दल, कारण यात फार लोक फसतात. आय७-७५००यू लॅपटॉपमध्ये २ कोअरचा, डेस्कटॉपचा आय७-७७०० मात्र ४ कोअरचा, आणि स्टिकरवर दोन्हीकडे आय७. एएमडीकडेही तेच: रायझन ५ ७५२०यू मध्ये झेन २ या जुन्या पिढीचे ४ कोअर, आणि आकड्याने लहान दिसणाऱ्या ५६००यू मध्ये त्यापुढच्या झेन ३ चे ६. मला हे ग्राहकाशी सरळसरळ अन्यायाचं वाटतं. नाव बघून घेऊच नका, त्याच मॉडेलच्या लॅपटॉपचा लांबलचक टेस्टचा रिव्ह्यू शोधा.

मी हार्डवेअर इंजिनिअर नाही, हे सगळं वापरून आणि वाचून जमवलेलं. थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर वापरून पीएल१, पीएल२ च्या मर्यादा वाढवा असं बरेच जण सुचवतील. वॉरंटीत असताना मी तरी ते करणार नाही, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते लॉक असतं.

परत करायचं का? मोड बदलूनही दहाव्या मिनिटाला १५ वॅटच दिसले आणि एक्सपोर्ट तुमचं रोजचं काम असेल, तर परत करा आणि जाड बांध्याचा, दोन पंख्यांचा लॅपटॉप बघा. आठवड्यातून एखादाच एक्सपोर्ट असेल तर ठेवा. बाकीच्या कामांत तो उजवाच आहे. ४७७० ला व्हीपी९ आणि एव्ही१ हे नवे व्हिडिओ फॉरमॅट पूर्णपणे हार्डवेअरवर चालवता येत नाहीत, त्यामुळे फोर-के व्हिडिओला त्याची दमछाक होते. विंडोज ११ च्या यादीतही तो नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी जुना डेस्कटॉप विकू नका. लिनक्स टाकून रात्रभराच्या एक्सपोर्टला ठेवा.

लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, रॅमच्या स्टिक किती आणि त्या टेस्टच्या शेवटी दिसलेले वॅट एवढं इथे लिहा, मग पुढचं बघू.