नाशिकमध्ये बंगल्याच्या कुंपणाला कमी पाण्यावर जगणारं आणि फुलपाखरं, मधमाश्या येतील असं कोणतं झुडूप लावावं?

कोयनेल लावा. कडू मेंदी म्हणतात तीच. फक्त लावण्याआधी घरात एक ठरवून घ्या, कात्री कोणाच्या ताब्यात राहणार.

तुम्ही म्हणाल, कोयनेल तर कॉलेज रोडपासून सातपूरपर्यंत दर चार फाटकांआड आहे आणि तिच्यावर फूल कधी पाहिलं नाही. कसं दिसेल? माळी येतो आणि वरून-बाजूने तासून सपाट करून जातो. हिला फुलं धरतात नव्या फांदीच्या शेंड्याकडे, पानांच्या बगलेत. शेंडेच उडवले तर फुलायचं कुठे?

माझं माहेर देवगडकडचं. तिथे खाडीच्या कडेला, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या मागे, हे झुडूप कोणी न लावता माजतं. फळ हलकं, पाण्यावर तरंगतं, लाटांबरोबर दुसऱ्या किनाऱ्याला लागतं. भारतापासून ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत हिचा पसारा आहे. खाऱ्या जमिनीत पाणी असूनही मुळांना ते ओढून घेणं जड जातं. त्यात जी जगते तिला नाशिकचा एप्रिल-मे काय करणार?

पण हे आमच्या थोरल्या दिरांना सांगा! घर बांधलं तेव्हा म्हणाले, "समुद्राकाठचं झाड इथल्या काळ्या मातीत आणि थंडीत टिकायचं नाही." टिकलं. मग म्हणाले, "टिकलं, पण फुलत कुठेय?" आणि फुलत नव्हतं, कारण तेच दर खेपेला माळ्याला हाताशी धरून छाटून घ्यायचे. कुंपण शिस्तीत हवं, हा त्यांचा हट्ट. बोलायची सोय नाही, थोरले पडले. शेवटी मी म्हटलं, "भाऊजी, पुढची बाजू तुमची. मागची, मोरीकडची, माझी. तिथे कात्री लागणार नाही."

त्या पावसाळ्यात मागची बाजू वाटेल तशी सुटली, आणि मग फुलली. बहुतेक तीन-तीनचा घोस, पांढरी लांब नळी, बाहेर आलेले जांभळट पुंकेसर. तिन्हीसांजेला मंद वास सुटतो आणि मोठाले पतंग येतात. फुलावर बसत नाहीत, हवेतल्या हवेत तरंगत लांब सोंड नळीत घालतात. दिवसा शिंजीर पक्षी आणि फुलपाखरं. भाऊजींनी मागच्या पायरीवर चहा घेताना हे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "रानटी दिसतं." दिसू दे.

तुम्ही मधमाश्याही विचारल्यात. खरं सांगायचं तर कोयनेलची नळी लांब आणि अरुंद, मधमाशीची जीभ तळापर्यंत पोचत नाही. माश्यांसाठी शेजारी निर्गुडी लावा, तीही कमी पाण्यावर निघते आणि फुलली की माश्या हटत नाहीत. खाली थोडी तुळस. फुलपाखरं येतात म्हणून घाणेरी मात्र आणू नका, ती आवरत नाही.

आणखी एक, कमी पाण्यावर म्हणजे बिनपाण्यावर नव्हे. पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागेल. रोप विकत घेऊ नका, पावसाळ्यात कोणाच्याही कुंपणाची जून फांदी मागून खोचा, लागते. पानं कडू, शेळ्यांची भीती नाही. न छाटता वाढवायची तर चार-पाच फूट रुंदी सोडा, नाहीतर शेजारी भांडायला येतील, आणि त्यांचंच बरोबर असेल. पावसाच्या तोंडावर वर्षातून एकदा मोकळी छाटणी पुरे.

तरी घरात कोणी शिस्त-शिस्त करत असेल, तर त्यांना तारेचं कुंपण घालून द्या. त्याला पाणीही लागत नाही.