नववीतल्या मुलीचे हॉकीचे वेड दहावीच्या वर्षी कसे आवरावे?

आपण लिहिले आहे की मुलगी नववीत आहे, शाळेच्या हॉकी संघात खेळते, मैदानाशिवाय तिला दुसरे काही सुचत नाही, पुढच्या वर्षी दहावी आहे आणि तोपर्यंत तिचा हा उत्साह आवरायचा कसा. आपण चाळीसगावच्या आहात आणि मी भुसावळची, त्यामुळे आपल्या घरात सध्या कोणती बोलणी चालली असतील याची मला पुरती कल्पना आहे. त्यातला 'आवरणे' हा शब्द वाचून मी उत्तर लिहायला बसले, कारण १९९३ साली आमच्या घरातही हाच शब्द वापरला गेला होता. माझे मत आधीच सांगते: आवरू नका. ते मत कशावरून झाले, हे सांगताना थोडे लांबेल.

मी डावखुरी आहे. आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जेवायला बसले की आजी माझ्या डाव्या हातावर चापट मारायची, आणि शाळेत पहिलीच्या बाईंनी वर्षभर माझ्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली होती. सहावीत असताना आमच्या क्रीडाशिक्षकांनी माझ्या हाती पहिल्यांदा हॉकी स्टिक दिली आणि डावा हात वर, उजवा खाली असे धरायला सांगितले. हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते, सर्वांची सपाट बाजू एकाच दिशेला असते, पाठीमागची गोलाकार बाजू चेंडूला लागली की फाउल, आणि स्टिक फिरवण्याचे सगळे काम वरचा, म्हणजे डावा हात करतो. सर म्हणाले, "या खेळात डावा हात मालक आणि उजवा हात मदतनीस." ज्या हाताने जेवले म्हणून मार खाल्ला, त्याच हाताला मान देणारी एक जागा जगात आहे, हे मला त्या दिवशी कळले. मुलांच्या उत्साहाला आपण वेड म्हणतो, पण त्याच्या मुळाशी बहुधा असे काहीतरी असते आणि ते मूल कुणाला सांगत नाही. आपल्या मुलीला हॉकीत नेमके काय मिळाले आहे, हे तिला एकदा शांतपणे विचारून पाहा.

सरांनी मला लेफ्ट हाफला, म्हणजे डाव्या बाजूने बचाव करायच्या जागी, उभे केले. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या राइट विंगचा, म्हणजे त्यांच्या उजव्या कडेने चढाई करणारीचा, चेंडू तिच्या उजव्या बाजूला, म्हणजे आपल्या डाव्या बाजूला असतो, आणि तो अडवायचा तर स्टिक उलटी करून, बऱ्याचदा एकट्या डाव्या हाताने, टॅकल करावे, म्हणजे चेंडू हिरावून घ्यावा, लागते. इतर मुलींचे मनगट तिथे दुखून यायचे आणि माझे सहज वळायचे. आमचे मैदान मुरमाचे होते. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्हीच बादल्यांनी पाणी मारायचो आणि सकाळी फक्कीने रेषा आखायचो. चेंडू खड्यावर आपटून गुडघ्यापर्यंत उसळायचा, आणि नडगीवर निळे-हिरवे डाग पडले नाहीत असा माझा एकही महिना गेला नाही. माझी स्टिक जालंधरची, तुतीच्या लाकडाची, एका रेल्वे खेळाडूने वापरून सोडलेली होती. तिला खाली चीर गेली होती. ती चीर मी सरस भरून दोऱ्याने आवळली होती, आणि मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, जी उन्हाळ्यात हाताला काळी लागायची. भुसावळचा उन्हाळा आपल्याला सांगायला नको. एप्रिलमध्ये आम्ही सकाळी साडेपाचला मैदानावर असायचो आणि साडेसातला उन्हाने डोळे उघडवत नसत, तरी घरी जायला कुणी तयार नसे.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, मालगाडीवर गार्ड होते. रात्री-अपरात्री ड्यूटीवर बोलवायला कॉलबॉय येऊन दारावर थाप मारायचा, नाना डबा घेऊन निघून जायचे आणि परत कधी येतील ते आईलाही ठाऊक नसायचे. त्यामुळे घरातले निर्णय माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या दादाकडे आले होते. तो नुकताच नोकरीला लागला होता. त्याचे माझ्यावर प्रेम होते आणि आहे, हे मी इथेच नोंदवून ठेवते.

मी दहावीत असताना, म्हणजे १९९३च्या सप्टेंबरात, आम्ही जिल्हास्तरावर जिंकलो. जिल्ह्यात मुलींचे संघ मोजकेच होते, तेव्हा त्या विजयाचा मी फार गवगवा करणार नाही, पण अंतिम सामन्यात त्यांच्या राइट विंगला मी एकदाही आमच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरू दिले नव्हते. तेव्हा हॉकीत ऑफसाइडचा नियम होता, म्हणजे बचाव करणाऱ्यांना मागे टाकून गोलजवळ आधीच उभ्या राहिलेल्या खेळाडूला चेंडू देता येत नसे, आणि तिला त्या नियमात अडकवून ठेवण्याचे गणित मला नेमके जमले होते. विभागीय सामने नाशिकला होते. दिवाळीच्या सुट्टीआधी सहामाहीच्या उत्तरपत्रिका हाती आल्या आणि भूमितीत मला ७५ पैकी ३१ गुण होते. नाशिकची गाडी तीन दिवसांवर होती.

दादाने कॅलेंडरचे एक पान फाडले आणि त्याच्या पाठीमागे हिशेब मांडला. रोजचे दोन तास मैदानावर जातात, बोर्डाच्या परीक्षेला चार महिने आहेत, म्हणजे २४० तास. त्यातले ८० भूमितीला, ६० बीजगणिताला, ६० इंग्रजीला आणि ४० शास्त्राला. ते पान त्याने माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवले, माझी स्टिक माळ्यावर ट्रंकांच्या मागे ठेवली आणि म्हणाला, "आता हे सगळे आवर. गोल अडवून कुणाचे पोट भरत नाही, आणि मुलींचे तर नाहीच."

संघ पहाटेच्या पॅसेंजरने गेला. आमच्या क्वार्टरमधून स्टेशनची घोषणा ऐकू यायची. मी अंथरुणातच होते, आई चुलीपाशी होती, आणि गाडी हलल्याचा आवाज आला तेव्हा आईने तवा उतरवून तसाच हातात धरून ठेवला, हे मला अजून दिसते. माझ्या जागी आठवीतल्या एका मुलीला खेळवले. आम्ही दोन गोलांनी हरलो आणि दोन्ही चाली डावीकडून झाल्या होत्या. मुली परत आल्यावर मला कुणी काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला फार लागले.

आता त्या २४० तासांबद्दल, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. ते तास अभ्यासाकडे गेले नाहीत. संध्याकाळी पाच वाजता मी पुस्तक उघडून बसायचे आणि मैदानावरून चेंडू गोलमधल्या लाकडी फळीवर आदळल्याचा आवाज आला की तो पुश (ढकललेला) होता की हिट (जोरात मारलेला), हे ओळखत बसायचे. ती फळी अठरा इंचांची असते, आणि तिच्यावर नीट बसलेल्या हिटचा आवाज पाव मैल दूरही जातो. सात वाजता आवाज थांबायचा, मग मी रडायचे, आणि जेवण झाल्यावर जो काही अभ्यास व्हायचा तो होत असे. खेळत होते तेव्हाही अभ्यास जेवणानंतरच होत असे, फरक एवढाच की तेव्हा अंग दमलेले आणि डोके मोकळे असायचे. घरातले मोठे लोक असे धरून चालतात की मुलाच्या दिवसातून खेळाचे दोन तास काढले की ते आपोआप अभ्यासाच्या खात्यात जमा होतात. मी आता तीस वर्षे पोस्टाच्या खात्यांचेच काम करते आहे आणि खात्रीने सांगते की ते जमा होत नाहीत.

नववीत पूर्ण वर्ष खेळून मला ६८ टक्के होते. दहावीत खेळ बंद करून ६४ मिळाले. दादा आजही म्हणतो की खेळत राहिली असतीस तर ५० वर आली असतीस. त्याच्या या वाक्याला मी प्रत्येक भाऊबीजेला उत्तर दिले आहे, आणि इथेही देते. भूमितीत ३१ का पडले, हे त्याने मला विचारलेच नव्हते. ऑगस्ट-सप्टेंबरात जिल्ह्याच्या तयारीसाठी आम्हाला शेवटचे दोन तास सोडायचे, आणि आठवड्यातून चार दिवस शेवटचा तास भूमितीचा होता. वर्तुळाचा धडा माझ्या गैरहजेरीत होऊन गेला. तो कुणीतरी मला पंधरा-वीस तासांत शिकवला असता तर काम झाले असते. वीस तासांच्या दुखण्यावर त्याने २४० तासांचा उपाय केला आणि तोही चुकीच्या जागी.

मुलींचे पोट भरत नाही, या त्याच्या दुसऱ्या वाक्याबद्दलही मला बोलायचे आहे. ते वाक्य त्याने उच्चारले त्याच्या अकरा वर्षे आधी, १९८२च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी हॉकीचे सुवर्ण जिंकले होते. महिला हॉकीपटूंना नोकरी देणाऱ्यांत रेल्वे पहिल्यापासून पुढे होती, आणि आम्ही राहत होतो रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. सर नेहमी धनराज पिल्लेंचे उदाहरण द्यायचे, की खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतला मुलगा मोडक्या स्टिकवर शिकून १९९२ला बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये खेळून आला, आणि ऑर्डनन्स फॅक्टरी तर आपल्या भुसावळलाही आहे. दादाने सरांचे म्हणणे एकदाही ऐकून घेतले नाही.

२ ऑगस्ट २०२१ची सकाळ. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये गुरजित कौरच्या पेनल्टी कॉर्नरवरच्या एकमेव गोलाने आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला उपांत्यपूर्व फेरीत हरवले. मी कामावर जायच्या गडबडीत उभ्यानेच सामना पाहत होते. शिट्टी वाजून दोन मिनिटे झाली नसतील तोच दादाचा पुण्याहून फोन आला. त्याचा आवाज भरून आला होता. "पाहिलेस ना? काय खेळल्या गं पोरी!" मी म्हणाले, "दादा, त्या प्रत्येकीच्या घरी दहावी झाली असेल ना रे?" तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला की तो काळ वेगळा होता. त्या मुली पुढे चौथ्या आल्या. आमचा वाद मात्र मिटलेला नाही, आणि तो मिटावा म्हणून मी हे लिहिते आहे असे आपल्याला वाटले तर ते काही अंशी खरे आहे.

आता आपल्या मुलीविषयी. तिला दहावीतही खेळू द्या. सकाळचा सराव चालू ठेवा. संध्याकाळचा स्पर्धेच्या दिवसांपुरता ठेवा आणि जानेवारीपासून तो बंद करायचा की नाही हे तिच्याशी बोलून ठरवा, तिच्या पाठीमागे नव्हे. स्पर्धेसाठी कोणते तास बुडतात याची वही ठेवा आणि ते धडे त्याच आठवड्यात भरून काढा. शिकवणीची वेळ मैदानाच्या वेळेवर ठेवणारा वर्ग असेल तर तो वर्ग बदला. स्टिक उभी धरल्यावर तिच्या कमरेच्या हाडापर्यंत यावी. फार लांब स्टिक 'पुढच्या वर्षी उपयोगी पडेल' म्हणून घेऊ नका, त्याने हात बिघडतो. शिनगार्ड आणि माउथगार्ड यांत काटकसर करू नका. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि दगडासारखा लागतो.

काही गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. माझे शाळेचे आणि बोर्डाचे टक्के एकमेकांशी ताडून पाहणे काटेकोर नाही, हे मला मान्य आहे. दादा तेव्हा चोविसाव्या वर्षी पाच माणसांचे घर सांभाळत होता आणि भूमितीतले ३१ पाहून तो घाबरला होता, हेही मान्य आहे. हॉकीवरच आयुष्य काढता येईल अशी खान्देशातल्या मुलीने फार आशा धरू नये, कारण १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर, म्हणजे टर्फवर, गेली आणि आपली मुले अजून मुरमावर शिकतात. टर्फवर चेंडू सपाट आणि दुप्पट वेगाने आल्यासारखा वाटतो, त्यामुळे पहिल्या सामन्यात चांगल्या मुलीही गडबडतात. आपली मुलगी खरोखर वरच्या दर्जाची असेल तर पुण्यात बालेवाडीला राज्याच्या क्रीडाप्रबोधिनीची (निवडक मुलामुलींना ठेवून घेऊन खेळ शिकवणाऱ्या केंद्राची) निवड चाचणी कधी असते, याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा.

दहावीच्या क्रीडागुणांची, म्हणजे खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांची, सवलत मात्र हातची घालवू नका. त्यासाठी शाळेला खेळाडूचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत नाशिकच्या विभागीय मंडळाकडे मुदतीत पाठवावा लागतो आणि सोबत स्पर्धेची प्रमाणपत्रे लागतात. त्याचे नियम आणि कोणत्या स्तराला किती गुण हे शासन वेळोवेळी बदलते, म्हणून चालू वर्षाचा निर्णय शाळेतून मागून वाचा. प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीप्रमाणेच आहे का, हे ते हातात पडल्या दिवशीच तपासा. माझे जिल्हास्तराचे प्रमाणपत्र अजून माझ्याजवळ आहे, आणि त्यावर माझे आडनाव चुकीचे लिहिले आहे.