गावचं कार्ड, गोव्याची खोली

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

"बाई, माझा कार्ड गावचा आसा, मत हंय गोयांत घालूक मेळात काय?" हा तुझा निरोप परवा रात्री वाचला. एका शब्दात उत्तर, नाही. पण तू नेमकं माझ्या जिव्हाळ्याचं विचारलंस. शाळा सुटल्यावर मतदार यादीचं बाड घेऊन मी वर्षानुवर्षं वाडीवाडीतून बीएलओ (घरोघर जाऊन यादी तपासणारी) म्हणून फिरले आणि परगावच्या शाळांत केंद्राध्यक्ष म्हणून बसले. म्हणून सविस्तर लिहिते. सवडीने वाच.

मतदार कार्ड ही नुसती ओळख. ते हरवलं तरी आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट किंवा फोटो चिकटवलेलं बँकेचं पासबुक दाखवून मत देता येतं. पण त्या केंद्राच्या यादीत नाव नसेल, तर कोरं करकरीत कार्ड दाखवूनही उपयोग नाही. तुझं नाव आज आपल्या शाळेच्या केंद्राच्या यादीत आहे. वेर्ण्याच्या कारखान्यात तुला नोकरी लागून दोन वर्षं झाली, तिथे खोली घेऊन राहतेस, पण यादीच्या लेखी तू अजून इथेच आहेस.

लोकसभा आणि विधानसभेच्या यादीपुरतं बोलायचं तर कायदा सगळ्या राज्यांना एकच आहे, १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा. महाराष्ट्रात एक फॉर्म आणि गोव्यात दुसरा असं काही नसतं. बंगळूरला गेलीस, सुरतेला गेलीस, तरी हेच फॉर्म आणि हेच नियम. त्या कायद्याचं म्हणणं असं की जिथे तुझी नेहमीची राहती जागा आहे तिथे तुझं नाव हवं, आणि ते एकाच ठिकाणी हवं. किती महिने राहिलं म्हणजे राहती जागा, याचा आकडा कायद्यात नाही. त्यामुळे तिथे कुणी तुला 'भायली', म्हणजे बाहेरची, म्हणालं आणि इतकी वर्षं झाल्याशिवाय नाव लागत नाही असं सांगितलं, तर घाबरून परत फिरू नकोस. निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्याने द्यायचा असतो, शेजाऱ्याने नव्हे.

आता आपल्या कोकणाचं दुखणं सांगते. वाडीतली कुलपं लावलेली घरं तुला पाठ आहेत. गणपतीत उघडतात, शिमग्याला उघडतात, मे महिन्यात आंब्याच्या दिवसांत उघडतात, एरवी पायरीवर पाचोळा. त्या प्रत्येक घराची चार-पाच नावं यादीत असायची. कायद्याच्या विसाव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे, एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. त्याच कलमात दुसरी बाजूही आहे. माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं राहणं सुटत नाही. म्हणजे तुझी आजी चार महिने मुंबईला उपचारांसाठी राहिली, तरी ती गावचीच. पण जो तीस वर्षं डोंबिवलीला राहतो, तिथेच नळाला पाणी येण्याची वाट बघतो आणि गावी वर्षातून बारा दिवस येतो, त्याचं मत डोंबिवलीचं.

हे मला पाठ होतं आणि तरी मी भिडेला बळी पडले. "बाई, नाव ऱ्हवांदे. घर आमचा, देव आमचो," असं कुणी म्हटलं की माझा पेन थांबायचा. 'स्थलांतरित' लिहिताना त्या माणसाचं गावाशी नातंच मी तोडतेय असं वाटायचं. चूक माझी होती, आणि ती किती महाग पडते ते मला दुसऱ्याच गावच्या केंद्रावर बसल्यावर दिसलं. मुंबईहून रात्रभर बसने आलेले एक आजोबा सकाळी नऊला चिठ्ठी घेऊन उभे राहिले. यादीत बघितलं तर त्यांच्या नावावर मत दिल्याची खूण झालेली. कुणीतरी आधीच त्यांचं मत देऊन गेलं होतं. ओळख पटल्यावर नियमाप्रमाणे मी त्यांना प्रदत्त मतपत्रिका दिली. हे मत यंत्रावर होत नाही. कागदावर शिक्का मारायचा आणि तो कागद वेगळ्या पाकिटात बंद होतो. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत. कोर्टाने मागवलं तरच ते पाकीट उघडतं. आजोबांनी मला विचारलं, "मगे ह्या मोजतले कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथे न राहणाऱ्यांची नावं यादीत साचून राहतात, तिथे अशा लबाडीला वाव मिळतो. त्या दिवसानंतर मी भीड सोडली.

आपल्या खालच्या वाडीतला तुझ्याहून दोन वर्षं पुढचा मुलगा आठवतो? मुंबईला लागला तेव्हा त्याने तिथे फॉर्म ६ भरला. फॉर्म ६ आयुष्यात पहिल्यांदा नाव लावणाऱ्यासाठी असतो. ज्याचं नाव आधीपासून कुठेतरी आहे त्याने भरायचा तो फॉर्म ८. याचं नाव दोन्हीकडे लागलं, मग दुबार नावांच्या तपासणीत मुंबईचं कापलं गेलं आणि गावचं राहिलं. त्याला पत्ताच नाही. २०२४च्या लोकसभेला मुंबईत मतदान २० मे रोजी होतं. हा मोठ्या उत्साहाने केंद्रावर गेला, तर नाव नाही. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मे रोजीच होऊन गेलं होतं. दोन याद्यांत नाव लागलेला मुलगा एकदाही मत देऊ शकला नाही.

आणि नाव दोन्हीकडे टिकलं असतं तरी ते काही भाग्य नव्हे. दोन मतदारसंघांत मत दिलं तर कायद्याने दोन्ही मतं रद्द होतात. अर्जावर खोटी माहिती लिहून खाली सही केली तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. "एक गावचं ठेव, एक तिकडचं कर, बघता येईल," असा सल्ला तुला घरचेच देतील. प्रेमापोटी देतील. ऐकू नकोस.

तर तू फॉर्म ८ भर. पत्ता बदलणं, नावातली चूक सुधारणं, हरवलेल्या कार्डाच्या जागी नवं मागणं, या सगळ्याला २०२२पासून हाच एक फॉर्म आहे. निवडणूक आयोगाच्या मोबाइल अ‍ॅपवर किंवा मतदार पोर्टलवर भरता येतो, नाहीतर तिथल्या बीएलओकडे कागदावर. जुन्या कार्डाचा क्रमांक नीट बघून टाक. तोच तुझ्या जुन्या नोंदीचा धागा आहे, त्यावरून गावचं नाव कमी होतं. राहत्या जागेचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार, त्या पत्त्याचं आधार किंवा पासबुक, वीज-पाण्याचं बिल चालतं. तुझा घरमालक करार करून देत नाही हे तू मागे बोलली होतीस. बहुतेकांची हीच अडचण असते. आधी बँकेत पत्ता बदल आणि पासबुक नवं करून घे, ते सगळ्यात सोपं. कुठलाच कागद नसेल तरी अर्ज तेवढ्यावरून फेटाळायचा नसतो, बीएलओने जागेवर येऊन खात्री करायची असते. म्हणून खोलीत दिवसा कुणी नसतं हे ध्यानात ठेवून फोन नंबर बरोबर लिही आणि शेजारणीला सांगून ठेव. दार बंद दिसलं की 'स्थलांतरित' असा शेरा पडू शकतो. अर्ज केल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपून ठेव. अडलं तर १९५० हा नंबर कुठल्याही राज्यात लागतो.

नावाचं स्पेलिंग मात्र दहादा तपास. आपल्या यादीतलं मराठी नाव तिकडे इंग्रजीतून जाईल, आणि आपल्या आडनावांतला 'कर' कुठे कसा लिहिला जाईल सांगता येत नाही.

एवढं सगळं सांगितलं, पण यातली खरी किंमत तुझ्यापासून लपवणार नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, केंद्राचा आयोग नव्हे, पण यादी मात्र विधानसभेचीच फोडून वापरतात. गावचं नाव निघालं की आपल्या सरपंचाच्या निवडणुकीतलं तुझं मतही गेलं. आपल्याकडे प्रभागाचा निकाल दोन-चार मतांनी लागतो, म्हणून तर मुंबईहून गाड्या भरून माणसं आणतात. पाणंद कुणी अडवली, नळयोजनेची विहीर कुठे खणायची, यात तुझा जीव गुंतलाय हे मला माहीत आहे. तुझ्या आईचं घर इथे आहे. मत इथून हलवणं सोपं नाही.

तरी मी हलव म्हणते. ज्या रस्त्याने तू रोज रात्रपाळीला चालत जातेस, तिथले दिवे गोव्यातली पंचायत लावणार. तुझ्या खोलीपुढची गटारं, तिथला दवाखाना, तुझ्या कारखान्यावर लक्ष ठेवणारं सरकार, सगळं तिकडचं. तिथे तुझं नाव नसेल तर तुझ्यासारख्या शेकडो मुली त्या उमेदवारांना दिसतच नाहीत. ज्यांचं नाव यादीत नाही त्यांच्या खोल्यांकडे कुणी प्रचारालासुद्धा वळत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पुढे कधी गावात राहायला आलीस तर हाच फॉर्म ८ पुन्हा भरता येतो.

आणि वेळ बघून भर. निवडणूक जाहीर झाली की सगळे जागे होतात. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. हाताशी महिना-दोन महिने असताना केलेलं बरं.

नाव बदलेपर्यंत मध्येच निवडणूक लागली तर मत गावात येऊनच द्यावं लागेल. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा तुझा हक्क आहे, १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ब कलमात तो लिहिलेला आहे, रोजंदारीवाल्यांनाही तो लागू आहे. कारखाना दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तो बुडत नाही. २०२४ला गोव्याचं आणि आपलं मतदान एकाच दिवशी, ७ मे रोजी होतं, म्हणून प्रश्न आला नाही. दर वेळी तसं होईलच असं नाही. सुपरवायझरला आठवडाभर आधी लेखी कळव.

परराज्यात बसून आपल्या मतदारसंघाचं मत देता यावं म्हणून आयोगाने २०२२च्या डिसेंबरात एक यंत्र जाहीर केलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ चालतील असं. पक्षांना ते दाखवायलाही बोलावलं. पण ते वापरात आलं नाही. ते येईल या भरवशावर बसू नकोस.

तुझ्या भावाचं वेगळं आहे. तो आखातात आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याला फॉर्म ६ए भरून पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव लावता येतं, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः इथे यावं लागतं. टपालाने मत सैन्यातल्यांना आहे, त्याला नाही.

अजून एक, आणि हे तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. १९८९च्या मार्चमध्ये मतदानाचं वय २१वरून १८वर आलं, तेव्हा मी वीस वर्षांची होते. त्याच वर्षीच्या लोकसभेला माहेरच्या गावात पहिलं मत दिलं, बोटावरची शाई आठवडाभर मैत्रिणींना दाखवली. पुढच्या वर्षी लग्न झालं. १९९१ला परत निवडणूक आली तेव्हा माहेरी माझं नाव कमी केलेलं होतं आणि सासरी कुणी लावलेलं नव्हतं. घरात कुणाच्या मनातही आलं नाही. सासरे, दीर, नवरा सगळे मत देऊन आले आणि मी चुलीपाशी. पुढे बीएलओ झाले तेव्हा बघितलं, सर्वांत जास्त नावं हरवतात ती नव्या सुनांची. माहेरची माणसं मुलगी दिली म्हणून नाव काढायला तत्पर असतात, सासरी रेशनकार्डावर नाव चढतं, यादीचं राहतं. मी मग लग्नघरांतून पत्रिका बघून फिरायचे. उद्या तुझं लग्न झालं, तू कणकवलीला गेलीस की कारवारला, तर आडनाव बदल किंवा नको बदलू, तो तुझा प्रश्न. पण फॉर्म तू स्वतः भर, सासऱ्यांवर सोडू नकोस.

तुझी धाकटी बहीण सतरा पूर्ण झाली ना? तिला आताच अर्ज देता येतो. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागत, आता १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या तारखाही धरतात. तिला फॉर्म ६.

पुढच्या खेपेला पत्रादेवीची हद्द ओलांडून घरी येशील तेव्हा आईचं कार्ड घेऊन माझ्याकडे ये. तिच्या कार्डावर अजून वडिलांचं नाव चुकीचं छापलेलं आहे आणि ती गेली दोन मतदानं "आसांदे गो" म्हणून घरीच बसली. तिघींचे अर्ज आपण पडवीत बसून एकदमच भरू. काजू भाजून ठेवते.

तुझी,
बाई