वारस नोंदीला वकील नको, पण हक्कसोडीच्या सहीआधी हवाच

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वडील गेल्यावर जमिनीवर वारसांची नावं लावायला, म्हणजे वारस नोंदीला, वकील लावायचा का, असं तू विचारलंस. मामा म्हणतात साताऱ्यातला चांगला वकील लावा, धाकटा भाऊ म्हणतो उगाच पैसे कशाला घालवायचे, आणि आई दोघांच्या तोंडाकडे बघते आहे. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, म्हणून सरळच सांगतो. वडिलांच्या वारस नोंदीला वकील लागत नाही. मात्र घरातल्या कुणीही हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवलेच पाहिजेत.

नोंदीचं काम तुझं तू करशील. ग्रामपंचायतीतून मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेव. बँक, सोसायटी, विमा, सगळीकडे मागतात. सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा आणि सर्व वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्यांकडे अर्ज द्यायचा. महसूल खात्याच्या ई-हक्क या संकेतस्थळावरून ऑनलाइनही देता येतो. तीन महिन्यांत कळवायचं असा नियम आहे. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, तरी रेंगाळू नको. मग नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि कुणी हरकत घेतली नाही की मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात.

अर्जात आजीचं नाव विसरू नका. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या वाट्यात आजी, आई, तू आणि भाऊ असे चौघं सारखे वारस आहात; 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा हेच सांगतो. म्हातारीला काय करायचंय जमीन, असं म्हणून गेलेल्याच्या आईचं नाव गाळणारी घरं मी खूप पाहिली. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नकोस.

बँकेचं त्यामानाने सोपं आहे. नॉमिनी असेल तर दाखला, ओळखपत्र आणि बँकेचा फॉर्म पुरतो. नॉमिनीच्या हाती पैसे येतात ते वारसांच्या वतीने, एवढं भावाला समजावून सांग. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर बँक कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र मागू शकते. तेव्हा वकील लागेल.

आता खरी गोष्ट. तू पाठवलेला सातबाऱ्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. वडिलांच्या नावापुढे ‘एकुम’ लिहिलंय, एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा गेले तेव्हा सगळ्यांच्या वतीने एकट्या वडिलांचं नाव लागलं आणि तुझ्या दोन्ही आत्या कागदावर राहिल्याच नाहीत. त्या वेळच्या फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा, नंबर सातबाऱ्यावर असतो. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्याची नक्कल काढ, सोबत वारस नोंदवहीचा, म्हणजे गाव नमुना 6क चा उताराही माग. आजोबांचे वारस म्हणून कुणाकुणाची नावं लिहिली होती ते त्यात कळेल.

नाव लागलं नाही म्हणून आत्यांचा हक्क गेला असं नाही. सातबारा हा महसुलाचा कागद. फेरफाराने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या निकालाने तो जन्मापासूनचा आहे, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायला हवेत असं नाही, हेही स्पष्ट झालं. पण जमीन वडिलोपार्जित की आजोबांनी स्वतः घेतलेली, ते कधी वारले, आधी नोंदणीकृत वाटप झालं होतं का, यावर हिशेब बदलतो. तो हिशेब तलाठ्यांनी करायचा नाही, मीही करणार नाही. यासाठी दिवाणी कामं करणाऱ्या वकिलाची फी दे.

‘आत्यांच्या सह्या घ्या आणि मोकळे व्हा’ हा मामांचा सल्ला मला अजिबात पटलेला नाही. तेराव्याला आलेल्या, रडून डोळे सुजलेल्या बहिणीपुढे कागद सरकवणं हा अन्याय आहे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदलं की ते फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. आत्यांना खुशीने हिस्सा सोडायचा असेल तर जरूर सोडू दे, पण त्यांनी आधी स्वतःच्या वकिलाला विचारावं. तुमचा वकील त्यांचं हित बघू शकत नाही. पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आजीला, आईला आणि तुलाही.

वकिलाची फी आधीच ठरवून लिहून घे, पावती माग. ‘निकाल लागला की जमिनीतला हिस्सा द्या’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठ. वकिलांना तसं ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. मूळ कागद कुणाकडे सोडू नकोस, झेरॉक्स दे.

पुढच्या आठवड्यात तहसीलला जाशील तेव्हा फेरफाराची नक्कल मिळाली की मला पाठव. आणि अर्ज देण्याआधी दोन्ही आत्यांना फोन कर. वारस नोंद घालतो आहोत हे त्यांना नोटिशीतून नको, तुझ्याकडून कळू दे.

तुझा,
काका