वाचकांचे प्रश्न : दाबोळीचे विमान मोपाला का गेले?

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत : दक्षिणेकडचा जुना दाबोळी आणि उत्तरेकडचा नवा मोपा. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी विमानांच्या बदललेल्या वेळा आणि मार्ग यांविषयीची आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा बेंगळुरूला नोकरी करतो. गणेशचवथीला तो ज्या विमानाने दाबोळीला उतरत असे, ते यंदा वेळापत्रकात नव्हते. त्याच कंपनीचे विमान आता मोपाला येते. तिथून मडगावला पोहोचायला त्याला विमानात बसला त्याहून जास्त वेळ लागला. दाबोळी हळूहळू बंद करण्याचाच हा बेत आहे काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दाबोळी बंद होणार ही शंका गोव्यात जुनी आहे आणि ती अगदीच निराधारही नाही. २००० साली केंद्राने मोपाला तत्त्वतः मान्यता दिली, तेव्हा नवा विमानतळ झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक थांबवायची, असेच ठरले होते. दक्षिण गोव्यातून विरोध झाल्यावर २०१० मध्ये तो निर्णय बदलला गेला आणि दोन्ही विमानतळ चालू ठेवण्याचे धोरण आले. आज तरी दाबोळी बंद करण्याचा कोणताही आदेश नाही. पण आपल्या मुलाचे विमान गेले ते आदेशाने नव्हे, घड्याळामुळे, आणि हे थोडे सविस्तर सांगावे लागेल.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये सुरू केला. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि गोवा मुक्त झाल्यावर ती नौदलाकडे आली. आजही तो आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे आणि आपण जिथून विमानात चढतो, तो त्या तळाला लागून असलेला नागरी विभाग आहे. धावपट्टी एकच; तिच्यावर पहिला हक्क नौदलाचा. कामाच्या दिवशी सकाळी साधारण साडेआठपासून दुपारपर्यंतचे तास वर्षानुवर्षे नौदलाच्या सरावासाठी राखलेले आहेत. मी दाबोळीजवळच्या चिखलीला राहतो. सकाळी खिडकीची तावदाने थरथरू लागली की नौदलाची मिग ही लढाऊ विमाने उठली हे आमच्या घरात सगळ्यांना कळते, स्वयंपाकघरातले बोलणे तेवढ्यापुरते थांबते आणि मग पुढे चालू होते. २०१९ च्या जूनमध्ये अशाच एका मिग-२९के विमानाची इंधनाची टाकी उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवर निखळून पडली, आग लागली आणि काही काळ सगळीच वाहतूक अडकून राहिली. संरक्षण तळावरच्या नागरी विमानतळाला हे गृहीतच धरावे लागते.

आता हे कंपनीच्या बाजूने पाहा. विमान जमिनीवर उभे असले की पैसे खाते, हवेत असले की मिळवते. म्हणून एकेका विमानाला दिवसभरात पाच-सहा खेपा करायला लावतात आणि दोन खेपांच्या मध्ये अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त विश्रांती देत नाहीत. बेंगळुरूहून पहाटे निघालेले विमान सकाळी गोव्यात उतरून लगेच परतले पाहिजे, तरच त्याचा पुढचा दिवस जमतो. दाबोळीत नेमक्या त्याच तासांना दार बंद असल्यामुळे उरलेली सगळी विमाने दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दाटीवाटीने येत. मोपाने कंपन्यांना पहिल्यांदा देऊ केली ती सकाळ. ५ जानेवारी २०२३ रोजी हैदराबादहून आलेल्या इंडिगोच्या विमानाने तिथली वाहतूक सुरू झाली, आणि त्यानंतर नवी विमाने मोपाला लावायची, जमले तर जुनीही तिकडे न्यायची, असे होत गेले. कतार एअरवेजसारखी दाबोळीची जुनी पाहुणी २०२४ मध्ये मोपाला गेली, तेव्हा वारे कुठल्या दिशेचे आहे हे स्पष्ट झाले.

सासष्टी, केपे, काणकोण या दक्षिण गोव्यातल्या तालुक्यांच्या लोकांचे यात नुकसान आहे, हे मान्य करायला हवे. गोव्यात विमानाने येणाऱ्यांत पर्यटक फार मोठ्या संख्येने असतात आणि त्यातले बहुतेक उत्तरेच्या बार्देश-पेडण्याच्या किनाऱ्याकडे वळतात. त्यांना मोपा सोयीचा आहे. कंपनी हिशेब करते तो त्यांचा, चवथीला घरी येणाऱ्या मुलाचा नव्हे. झुआरीचा नवा पूल आणि २०२४ मध्ये खुला झालेला धारगळ ते मोपा हा जोडरस्ता यांनी प्रवास पूर्वीपेक्षा सुसह्य केला आहे आणि कदंब या सरकारी महामंडळाच्या बसगाड्या मोपाहून मडगावपर्यंत येतात, पण रात्री उशिरा उतरणाऱ्याला शेवटी टॅक्सीच गाठावी लागते.

आपण एक करू शकता. कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात : मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. चवथ उन्हाळी वेळापत्रकात येते. ते एप्रिलमध्येच पाहून ठेवावे आणि मुलाला दुपारनंतरचे विमान चालत असेल, तर त्याने दाबोळीचे घ्यावे. दाबोळीत बेंगळुरूची विमाने संपलेली नाहीत.

प्रश्न : एका दिवशी वर्तमानपत्रात वाचले की दाबोळीचे प्रवासी घटले, दुसऱ्या दिवशी वाचले की गोव्यात विमानाने येणारे वाढले. दोन्ही बातम्यांत आकडे होते. खरे काय मानायचे?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : दोन्ही खरे आहे. २०१८-१९ या आर्थिक वर्षात गोव्यात दाबोळी हा एकच विमानतळ होता आणि त्याने सुमारे ८४ लाख प्रवाशांची ये-जा हाताळली. मोपाच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची होती. २०२३-२४ मध्ये दोन्हींची बेरीज १ कोटीच्या वर गेली आणि त्याच वर्षी एकट्या दाबोळीचा आकडा मात्र जुन्या ८४ लाखांच्या बराच खाली होता. वाढ आणि घट यांच्यात भांडण नाही. एक बातमी राज्याची आहे, दुसरी एका इमारतीची.

आपण गणित शिकवता की नाही ते पत्रातून कळले नाही, पण वर्गात सांगण्याजोगे एक उदाहरण देतो. विमानतळाच्या हिशेबात प्रवासी म्हणजे माणूस नव्हे. फोंड्याचे एक जोडपे दिल्लीला लग्नाला जाऊन परतले, तर गोव्याच्या खात्यात चार प्रवासी जमा होतात : जाताना दोन, येताना दोन. म्हणून १ कोटी प्रवासी याचा अर्थ ‘१ कोटी लोक गोव्यात आले’ असा घेऊ नये; आलेले साधारण त्याच्या निम्मे, आणि त्यांत आपणही असतो. पर्यटन खात्याचा आकडा आणखी वेगळा, कारण त्यात रेल्वेने आणि घाट उतरून आलेलेही धरतात. उलट मोपाला उतरून थेट सावंतवाडी-कुडाळला जाणारा माणूस विमानतळाच्या खात्यात गोव्याचा असतो, पर्यटनाच्या खात्यात मात्र तो मोजला जाण्याचे कारण नाही.

एकूण आकड्यात लहान मार्ग दिसतच नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे. गोव्यातच मुख्यालय असलेली फ्लाय ९१ ही कंपनी २०२४ च्या मार्चपासून मोपाहून एटीआर ७२ या पंख्याच्या विमानांनी लहान शहरांना जाते. सोलापूरची सेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली. अशा विमानात सत्तरएक माणसे बसतात. समजा, एक विमान रोज भरून गेले आणि भरून आले, तरी वर्षात ५१ हजारांच्या आसपास प्रवासी होतात. १ कोटीत ते दोनशेत एक. उद्या असा एखादा मार्ग बंद पडला, तर गोव्याच्या मासिक आकड्यावर ओरखडाही उठणार नाही, पण त्या गावच्या माणसाचे विमान शंभर टक्के गेलेले असेल. म्हणून बातमी वाचताना एकूण आकडा खाली ठेवावा आणि कोणत्या गावाला आठवड्यातून किती खेपा आहेत ते पाहावे.

प्रश्न : सिंधुदुर्गातल्या चिपीचे मुंबई विमान बंद झाले. विमान भरलेले असे, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मग ते का थांबवले? मोपाने चिपी गिळला का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि अलायन्स एअरची मुंबई सेवा उडान योजनेखाली होती. या योजनेत विमानातल्या ठरावीक आसनांचे भाडे बांधून दिलेले असते. कंपनीला त्यात जी तूट येते, ती सरकार भरून देते. हा पैसा मुख्यत्वे मोठ्या शहरांदरम्यानच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारातून येतो. मात्र हा आधार तीनच वर्षांचा असतो. तीन वर्षे कधी संपतात ते बोटांवर मोजता येईल, आणि ही सेवा २०२४ च्या ऑक्टोबरातच थांबली.

म्हणजे भरलेले विमानही तोट्यात असू शकते. बांधलेल्या भाड्याची आसने भरली की खर्च निघतोच असे नाही. सत्तर आसनांच्या विमानात वैमानिक, इंधन, देखभाल यांचा खर्च थोड्याच माणसांवर वाटला जातो. विमानाचे इंधन जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्यावर राज्याराज्याचा वेगळा कर बसतो, तो आणखी निराळा. अनुदान गेले की भाडे वाढवावे लागते, आणि तिथे मोपा येतो : तिकीट महागले की कुडाळचा माणूस महामार्गाने मोपाला जातो, कारण तिथे मुंबईची मोठी विमाने, अनेक वेळा आणि भाड्यात चुरस असते. गिळला हा शब्द मी वापरणार नाही. पण शेजारी भरलेला बाजार असताना गावातले एकच दुकान चालवणे कठीण असते. पावसाळ्यात रात्री मोपाहून परतणे किती त्रासाचे आहे, हे आपण लिहिले आहेच.

प्रश्न : पूर्वी हिवाळ्यात दाबोळीला चार्टर विमानांची रांग लागे. ती कुठे गेली?
— एक वाचक, बाणावली

उत्तर : १९८७ मध्ये जर्मनीहून काँडोर कंपनीचे चार्टर गोव्यात आले, तेथून ही परंपरा सुरू झाली. चार्टर म्हणजे सहल कंपनीने पूर्ण विमान भाड्याने घ्यायचे आणि विमान, हॉटेल, जेवण एकत्र विकायचे. ती सहल कंपनीच बुडाली तर सगळे एकदम थांबते. २०१९ च्या सप्टेंबरात ब्रिटनची थॉमस कुक बुडाली, तेव्हा तसेच झाले. मग कोरोना आला आणि २०२२ पासून युक्रेन युद्धामुळे रशियाची विमाने रोडावली. आजचा पाश्चात्त्य पर्यटक दोहासारख्या ठिकाणी विमान बदलून किंवा मुंबई-दिल्लीमार्गे येतो, म्हणून तो चार्टरच्या यादीत दिसत नाही. मोपाहून लंडनच्या गॅटविकला जाणारी एअर इंडियाची थेट सेवाही २०२५ च्या जूनमध्ये थांबवावी लागली. शॅक आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या आपल्या भागातल्या लोकांना हा फरक आधी कळतो, कारण चार्टरचा पाहुणा पंधरा दिवस राही. आताचा बहुतेक देशी पाहुणा तीन-चार दिवसांत परततो.

प्रश्न : तिकिटावर ‘गोवा’ एवढेच लिहिलेले असते. विमान कुठल्या विमानतळाचे, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तीन अक्षरी संकेत पाहावा. दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. म्हणजे फक्त शेवटचे अक्षर पाहिले तरी पुरते. माझ्या शेजारच्या मावशी मुलीकडे पुण्याला निघाल्या होत्या. घर विमानतळापासून दहा मिनिटांवर म्हणून निवांत, टिफिनमध्ये नेवऱ्या भरून, दाबोळीला पोहोचल्या. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिले, त्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवले आणि म्हणाला, हे मोपाचे. तिकीट एका संकेतस्थळावरून काढलेले होते. त्यावर ‘गोवा’ ठळक आणि संकेत बारीक होता. मोपाला टॅक्सीने जाईपर्यंत विमान निघून गेले. नेवऱ्या आमच्याकडे आल्या.