बाउर वाचायचाय? सुरुवात रबरापासून कर

बडोद्यात एमएसयूत (महाराजा सयाजीराव विद्यापीठात) अर्थशास्त्राला आहेस, तर अर्थशास्त्रज्ञ पीटर बाउरची गरीब देशांना मिळणाऱ्या परदेशी मदतीवरची टीका आधी उघडू नकोस. मलायाच्या (आजच्या मलेशियातल्या) रबरावरचं त्याचं १९४८चं काम शोध. छोटे शेतकरी स्वतःच्या हिमतीवर झाडं लावत होते; मदतीबद्दलचा त्याचा पुढचा सगळा संशय तिथून येतो. शेजारच्या अहमदाबादच्या अर्थशास्त्रज्ञ बी. आर. शेणॉयांचं दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवरचं १९५५चं भिन्नमतपत्रही वाच.

स्वतः मदतीचे आकडे मांडताना मंजूर रक्कम धरू नकोस. प्रत्यक्ष वाटप घे, त्यातून परतफेड वजा कर. दुष्काळ-भूकंपाची मदत वेगळी काढ. मदत जास्त नि वाढ कमी दिसली की हुरळू नकोस, रखडलेल्या देशालाच मदत जास्त मिळते. (व्हायव्हात हमखास इथेच पकडतात.) शाळेसाठी पैसे आले तर सरकारचं अख्खं बजेट बघ: शाळेवरचा वाचलेला पैसा कुठे वळला?