विचारू की नको, ताई?

नागपूरहून कॅनडात आलेला आणि सस्कॅचेवानच्या एका लहान गावात फॅमिली डॉक्टर म्हणून रुजू झालेला मुलगा परवा विचारत होता, "ताई, माझ्याकडे येणारे बरेच आजी-आजोबा क्री, म्हणजे इथल्या एका मूळनिवासी समाजातले, आणि निवासी शाळांतून गेलेले आहेत. लहानपणी काय सोसलं ते विचारू का? विचारलं तर खपली काढल्यासारखं, नाही विचारलं तर दुर्लक्ष केल्यासारखं. आणि तपासायला हात लावला की पुढच्या वेळी येतच नाहीत."

इथे नवीन आलेले डॉक्टर हे मला हमखास विचारतात. त्यांना मी एका आजींबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. क्री घरांत आजीला 'कोकम' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आईच्या आमसुलांची बरणी आठवली होती. तर या कोकम सत्तरीच्या, मधुमेही. पायाला फोड आला म्हणून नात घेऊन आलेली.

काउंटरवरून पुकारा झाला, "सत्तावीस नंबर!" कोकम उठल्या, कोट चढवला आणि थेट बाहेर. नात मागे धावली. नोंदीत लिहिलं गेलं, 'न तपासता निघून गेल्या.'

त्या निवासी शाळांपैकी अनेक ठिकाणी मुलांना नावाऐवजी नंबरनेच हाक मारत. एकोणिसाव्या शतकापासून 1990च्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख मूळनिवासी मुलं अशी या शाळांत घालून घरापासून तोडली गेली. 1920पासून तर कायद्यानेच सक्ती झाली. पैसा सरकारचा, कारभार बहुतेक ठिकाणी चर्चचा. आपली भाषा बोललं की मार, आणि कित्येकांच्या वाट्याला लैंगिक अत्याचार. 1948 ते 1952 या काळात सहा शाळांतल्या अर्धपोटी मुलांवर सरकारी तज्ज्ञांनी आहाराचे प्रयोग केले, आणि निष्कर्ष बिघडू नयेत म्हणून दातांचे काही उपचारही रोखले. या लोकांनी डॉक्टरवर डोळे मिटून विश्वास का ठेवावा? आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. 2020मध्ये क्यूबेकमधल्या रुग्णालयात जॉइस एशाक्वान ही अटिकामेक्व या मूळनिवासी समाजातली बाई गेली. मरणाआधी खाटेवरून तिने फोनवर थेट दाखवलं होतं, कर्मचारी तिला काय काय बोलत होते ते.

आमच्या नर्सने त्याच दिवशी फोन केला. "नंबरने हाक मारली, चुकलं आमचं." दोन दिवसांनी कोकम परत आल्या. खुर्ची दार दिसेल अशी ठेवली, नात शेजारी. डॉक्टरीणबाई बुटक्या स्टुलावर बसल्या. "हात लावायच्या आधी मी सांगेन. नको वाटलं तर बोट वर करा, मी थांबेन. कारण सांगायची गरज नाही."

मोजा कोकमनी स्वतः काढला. डॉक्टरीणबाईंचा हात टाचेशी पोचला आणि कोकमचं बोट वर गेलं. हात तत्क्षणी मागे. फोड अंगठ्याखाली होता, टाचेला काहीच दुखत नव्हतं. खरंच थांबते का, ते त्या बघत होत्या. मिनिटभर खोलीत कुणी बोललं नाही. मग पाय त्यांनीच पुढे केला.

त्या मुलाला मी म्हटलं, "हकीकत मागू नकोस रे. फोडावर औषध लावायला ती लागत नाही. एवढंच विचार, 'तपासणी पुष्कळांना जड जाते, तुम्हाला सोपी व्हावी म्हणून काय करू?' त्या आपणहून बोलल्या तर ऐक, लगेच टाइप करत बसू नकोस. नोंदवायचं का तेही त्यांनाच विचार. शाळांतून गेलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना केंद्र सरकारच्या योजनेतून समुपदेशन मिळतं, त्यांच्या समाजातल्या ज्येष्ठांचा आधारही मिळतो, हे मात्र न विचारता सांग."

कोकमचा फोड भरला. शाळेबद्दल त्या माझ्याशी बोलल्या त्यानंतर दोन वर्षांनी, नातीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो तेव्हा. काय बोलल्या ते मी कुठेच लिहिलेलं नाही. लिहू नको म्हणाल्या होत्या.